यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मरण पावलेले ब्रिटिश भारतीय लष्करातील सैनिक होते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक या हुद्द्यावर होते. मध्य इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोर्लुपो येथे त्यांनी शत्रूचा मशीनगनचा मोर्चा एकट्याने जिंकला आणि त्याच मोर्चात त्यांना मृत्यू आला. या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे त्या काळचे युद्धातील शौर्यासाठीचे सर्वोच्च पदक देण्यात आले. मृत्युसमयी त्यांचे वय २२ वर्षांचे होते.

महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख यशवंतराव घाडगे असाही केला जातो. त्यांचे नाव इटलीतील कासिनो स्मारकावर कोरलेले आहे. रायगड जिल्ह्यात माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे, तर इटलीतील मोंतोने या गावी २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले.

प्रारंभीचे जीवन

यशवंत घाडगे यांचा जन्म तत्कालीन मुंबई प्रांतातील कुलाबा जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड असे करण्यात आले. त्यामुळे जुन्या लष्करी कागदपत्रांत त्यांचा जिल्हा कुलाबा, तर अलीकडच्या लेखनात रायगड असा आढळतो. दोन्ही उल्लेख एकाच भूप्रदेशाचे आहेत.

कोकणातील रत्नागिरी व कुलाबा आणि देशावरील सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून मराठा पलटणींत मोठ्या प्रमाणावर भरती होत असे. कोकणातील शेती पावसावर अवलंबून आणि जमिनीचे तुकडे लहान. घरातील एक मुलगा मुंबईच्या गिरणीत आणि एक पलटणीत, अशी विभागणी येथील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने या भागांतील काही गावांत दगडी फलक बसवले. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती मरण पावली, एवढेच आकडे त्यांवर कोरलेले असतात. गेलेल्यांची नावे त्यांवर नसतात. घाडगे यांची पिढी अशा फलकांच्या सान्निध्यात वाढली आणि पुढच्या महायुद्धात स्वतः रणांगणावर गेली.

पलटण

मराठा लाइट इन्फन्ट्रीचा इतिहास १७६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत उभारलेल्या शिपायांच्या पलटणींपासून सुरू होतो. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट तयार करण्यात आली आणि तिचे प्रशिक्षण केंद्र बेळगाव येथे ठेवण्यात आले. घाडगे यांची बटालियन १७९७ मध्ये उभारलेली होती. पुनर्रचनेपूर्वी ती ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री या नावाने ओळखली जात असे.

दुसऱ्या महायुद्धात या बटालियनने १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतील एरिट्रिया येथे केरेनच्या लढाईत भाग घेतला. त्या वेळी बटालियनचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्याकडे होते. हेच रीड पुढे १९४२ मध्ये वाळवंटातील लढाईत युद्धकैदी झाले, इटलीतील कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये मेजर जनरल म्हणून दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले. इटलीत घाडगे यांची बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती.

स्वातंत्र्यानंतर ही बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये वर्ग झाली आणि दुसरी पॅराशूट बटालियन (मराठा) या नावाने ओळखली जाऊ लागली. घाडगे यांच्या पराक्रमाचा वारसा त्यामुळे मराठा लाइट इन्फन्ट्री आणि पॅराशूट रेजिमेंट या दोन्हींच्या इतिहासात येतो.

इटलीतील मोहीम

मित्रराष्ट्रांच्या फौजा सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन या मोहिमेत होत्या आणि त्यांतून ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक लढले. दहावी डिव्हिजन १९४४ च्या वसंत ऋतूत इटलीत आली आणि प्रथम पूर्वेकडील एड्रियाटिक किनाऱ्याच्या बाजूस तैनात झाली.

४ जून १९४४ रोजी रोम मित्रराष्ट्रांच्या ताब्यात आले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे माघार घेऊ लागले. परंतु ती पळापळ नव्हती. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस डोंगररांगांत ‘गॉथिक लाइन’ ही संरक्षणरेषा बांधण्याचे काम चालू होते आणि ते पूर्ण होईपर्यंत वेळ मिळवणे हा जर्मन सेनापतींचा हेतू होता. त्यासाठी प्रत्येक टेकडी, खेडे आणि नदीचे वळण काही दिवस लढवून मग सोडायचे, ही त्यांची पद्धत होती. थोड्या सैनिकांनी मशीनगन व उखळी तोफांच्या साहाय्याने उंचवटा धरून ठेवायचा आणि खालून चढणाऱ्यांना रोखायचे, असे या लढायांचे स्वरूप असे.

टायबर नदी (इटालियन नाव तेव्हेरे) उत्तरेकडील डोंगरांत उगम पावून दक्षिणेस रोमकडे वाहते. तिच्या खोऱ्यातून उत्तरेस चढत जाणे हे ब्रिटिश आठव्या सैन्याच्या दहाव्या कोअरचे काम होते. जून १९४४ मध्ये पेरुजा शहर घेतल्यानंतर या खोऱ्यातील आघाडी दहाव्या भारतीय डिव्हिजनने सांभाळली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे हे नदीकाठचे गाव आणि त्यानंतर टेकडीवर वसलेले मोंतोने हे गाव घेण्यात आले. पुढचे लक्ष्य चित्ता दि कास्तेल्लो हे शहर होते आणि तिथवर पोहोचण्यासाठी वाटेतील टेकड्या एकेक करून जिंकाव्या लागत होत्या. मोर्लुपो हे यांपैकीच एक ठाणे होते.

१० जुलै १९४४ ची लढाई

१० जुलै १९४४ रोजी बटालियनच्या एका कंपनीने शत्रूच्या बळकट ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे त्या कंपनीतील एका रायफल सेक्शनचे नेतृत्व करीत होते. सेक्शन म्हणजे सुमारे दहा जवानांची, पायदळातील सर्वांत लहान तुकडी. नाईक हा तिचा प्रमुख असतो. तो या जवानांमध्येच राहतो आणि हल्ल्याच्या वेळी त्यांच्यासोबत पुढे जातो.

पुढे सरकत असताना जवळच्या अंतरावरून या सेक्शनवर मशीनगनचा भडिमार झाला. घाडगे वगळता सेक्शनमधील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. सोबत येणारे कोणी उरलेले नाही याची पूर्ण जाणीव असूनही घाडगे न थांबता मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. त्यांनी प्रथम हातबॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक यांना निकामी केले. नंतर टॉमी गनने त्यांनी आणखी एका सैनिकाला ठार केले. गोळ्या संपल्या, तेव्हा मॅगझिन बदलण्याइतकाही अवधी नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी झाडलेल्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या आणि स्वतः जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांचा मृत्यू झाला.

टायबर खोऱ्यातील चढाई यानंतरही चालू राहिली आणि जुलैच्या उत्तरार्धात चित्ता दि कास्तेल्लो मित्रराष्ट्रांच्या हाती आले.

व्हिक्टोरिया क्रॉस

घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्याची घोषणा नोव्हेंबर १९४४ मध्ये ‘लंडन गॅझेट’ या राजपत्रात प्रसिद्ध झाली. हे पदक १८५६ मध्ये सुरू झाले. भारतीय सैनिक त्यासाठी पात्र ठरले ते १९११ पासून. तत्पूर्वी ब्रिटिश अधिकाऱ्यासोबत एकाच लढाईत तेवढेच शौर्य दाखवणाऱ्या भारतीय शिपायाला हे पदक मिळू शकत नसे.

इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. त्यांपैकी सहा भारतीय लष्करातील सैनिकांना मिळाले: कमल राम, यशवंत घाडगे, शेर बहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव. यांपैकी घाडगे, थापा आणि गुरुंग या तिघांना ते मरणोत्तर मिळाले.

नामदेव जाधव हे मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील असून याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सहकाऱ्यांना शत्रूच्या माऱ्यातून सुरक्षित स्थळी आणले आणि नंतर एकट्याने मशीनगनचे मोर्चे नष्ट केले. दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटला मिळालेले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतील आहेत. जाधव १९८४ पर्यंत हयात होते. घाडगे यांची कथा मात्र पहिल्यापासून इतरांनीच सांगितलेली आहे.

स्मारके

कासिनो स्मारक

घाडगे यांचे नाव रोमच्या आग्नेयेस असलेल्या कासिनो येथील स्मारकावर आहे. हे स्मारक कासिनो युद्ध दफनभूमीच्या आवारात आहे. इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा राष्ट्रकुल देशांच्या ४,००० हून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. लुई द स्वासाँ या वास्तुरचनाकाराने त्याची रचना केली असून ३० सप्टेंबर १९५६ रोजी फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

स्मारकाच्या नावावरून घाडगे कासिनोच्या प्रसिद्ध लढाईत मरण पावले असा समज होण्याची शक्यता असते. तो बरोबर नाही. कासिनोची लढाई जानेवारी ते मे १९४४ या काळात झाली. घाडगे त्यानंतर, तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेस मरण पावले. कासिनोचे स्मारक संपूर्ण इटालियन मोहिमेसाठी आहे.

इटलीत मरण पावलेल्या भारतीय सैनिकांची आठवण वेगवेगळ्या प्रकारे जपलेली आहे. ज्यांचे दफन झाले त्यांच्या समाध्या युद्ध दफनभूमींत आहेत. ज्यांच्यावर धर्मानुसार अग्निसंस्कार झाले त्यांची नावे संग्रो नदी, फोर्ली आणि रिमिनी येथील दहन-स्मारकांवर कोरलेली आहेत. उर्वरितांची नावे कासिनोला आहेत. त्यामुळे एखाद्या सैनिकाची समाधी सापडली नाही म्हणजे त्याची नोंदच नाही असे होत नाही. हिंदू सैनिकाच्या बाबतीत दहन-स्मारकांच्या याद्याही पाहाव्या लागतात.

माणगाव

मुंबई–गोवा महामार्गावरील माणगाव हे घाडगे यांच्या तालुक्याचे ठिकाण. येथे तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. महामार्गाने किंवा कोकण रेल्वेने माणगावला उतरणाऱ्यांना हे स्मारक गावातच पाहता येते.

मोंतोने येथील सूर्यघड्याळ

जुलै २०२३ मध्ये मोंतोने येथील स्थानिक प्रशासन आणि इटलीतील लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांच्या पुढाकाराने ‘व्ही. सी. यशवंत घाडगे सूर्यघड्याळ स्मारका’चे अनावरण झाले. समारंभास भारताच्या इटलीतील राजदूत आणि भारतीय लष्कराचे प्रतिनिधी उपस्थित होते. स्मारकाचे स्वरूप चालू स्थितीतील सूर्यघड्याळाचे असून, आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो अशा आशयाचे बोधवाक्य त्यावर आहे.

या प्रसंगी भारत सरकारने दिलेल्या माहितीनुसार इटलीत भारतीय सैन्याचे २३,७२२ जवान हताहत झाले. त्यांपैकी ५,७८२ मरण पावले आणि त्यांचे स्मरण इटलीतील राष्ट्रकुलाच्या ४० युद्ध दफनभूमींत केले जाते. ‘हताहत’ या शब्दात मृतांबरोबर जखमी व बेपत्ता यांचाही समावेश होतो, हे या आकड्यांचा उपयोग करताना लक्षात घेणे आवश्यक आहे.

जीवनाचा शोध आणि साधने

घाडगे यांच्याविषयीचे बहुतेक लेखन राजपत्रातील प्रशस्तिपत्रावर आधारलेले आहे. प्रशस्तिपत्र हे पदकाचे समर्थन करण्यासाठी लिहिलेले असते. त्यात लढाईतील कृतीचे नेमके वर्णन येते, पण सैनिकाचे घर, शिक्षण, भरती, आप्त यांना त्यात स्थान नसते. २२ वर्षांच्या आयुष्यातील अवघ्या काही मिनिटांचे चित्र त्यातून उभे राहते. म्हणून घाडगे यांच्यासारख्या सैनिकाच्या जीवनाचा अभ्यास करताना पुढील साधने एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

नावाचे लेखन. इंग्रजी कागदपत्रांत घाडगे यांचे नाव ‘येशवंत’ असा उच्चार होईल अशा रीतीने लिहिलेले आहे. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे मराठी नाव रोमन लिपीत उतरत असे. घाडगे, घाटगे, घार्गे ही वेगवेगळी आडनावे रोमन लिपीत एकमेकांच्या फार जवळ जातात. मराठा पलटणींत एकच नाव व आडनाव असलेले अनेक जवान असत. त्यामुळे खात्रीची ओळख नावापेक्षा सेवाक्रमांक, बटालियन आणि मृत्युदिनांक यांवरून पटते.

स्थळाची निश्चिती. मोर्लुपो नावाचे एक गाव रोमच्या उत्तरेस लात्सियो प्रांतातही आहे आणि तेही टायबरच्या खोऱ्यातच येते. परंतु जुलै १९४४ मध्ये आघाडी तेथून कितीतरी उत्तरेस सरकलेली होती. घाडगे यांचा मृत्यू झाला ते मोर्लुपो उंब्रिया प्रांतात, मोंतोनेच्या परिसरातील आहे. ‘टायबरचे वरचे खोरे’ हा कागदपत्रांतील उल्लेख याचसाठी महत्त्वाचा ठरतो.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाकडे दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी असून त्या महाजालावर विनामूल्य पाहता येतात. हुद्दा, सेवाक्रमांक, पलटण, दिनांक व स्मारक यांबरोबर अनेक नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गावही दिलेले असते. हुद्दा, वंश वा धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे नावानिशी स्मरण व्हावे, हे आयोगाचे तत्त्व आहे. पहिल्या महायुद्धातील अनेक भारतीय व आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत ते पाळले गेले नाही, हे आयोगाच्याच समितीने २०२१ मध्ये मान्य केले.

रणदैनंदिनी. प्रत्येक बटालियन युद्धकाळात रोजची अधिकृत दैनंदिनी ठेवत असे. इंग्लंडमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आणि दिल्लीच्या भारतीय राष्ट्रीय अभिलेखागारात अशा दैनंदिन्या आहेत. हल्ल्याची वेळ, कंपन्यांची हालचाल आणि हानीचे आकडे त्यांत मिळतात. अधिकाऱ्यांची नावे त्यांत नेहमी येतात. जवानांचा उल्लेख बहुधा संख्येनेच होतो.

प्रकाशित इतिहास. भारतीय डिव्हिजनच्या इटलीतील कामगिरीवरील ‘द टायगर ट्रायम्फ्स’ हे पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर भारत व पाकिस्तान यांच्या संयुक्त इतिहास विभागाने धरमपाल यांनी लिहिलेला इटलीतील मोहिमेचा अधिकृत इतिहास १९६० मध्ये प्रकाशित केला. युद्ध संपताच लिहिलेल्या पुस्तकात गौरवाचा सूर अधिक असतो, तर अधिकृत इतिहासात डावपेच व हालचाली यांवर भर असतो.

पत्रे आणि स्थानिक नोंदी. आघाडीवरील सैनिकांची पत्रे लष्करी तपासणीतून जात. तपासणी अहवालांतील उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परंतु ते इंग्रजी भाषांतरात आणि बहुधा लिहिणाऱ्याच्या नावाविना आहेत. सैनिकाचा मूळ मराठी शब्द सापडण्याची शक्यता त्याच्या घरीच अधिक. ट्रंकेत जपलेली पत्रे, मृत्यूची तार, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, शाळेच्या दाखल्याची नोंद आणि वृद्धांच्या आठवणी ही साधने ग्रामीण महाराष्ट्रात झपाट्याने नाहीशी होत आहेत. १९४४ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरी ओलांडलेला असेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतही माजी सैनिक व वीरपत्नी यांच्याविषयी माहिती मिळू शकते.

सेक्शनमधील अन्य जवान

१० जुलै १९४४ रोजी घाडगे यांच्यासह हल्ल्यात असलेल्या जवानांचा प्रशस्तिपत्रात उल्लेख आहे, पण त्यांची नावे त्यात नाहीत. ठार किंवा जखमी झाले एवढेच त्यांच्याविषयी म्हटले आहे. त्यांच्यापैकी जे मरण पावले त्यांची नावे युद्धसमाधी आयोगाच्या याद्यांत, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतील त्या दिनांकाच्या आणि त्यानंतरच्या काही दिवसांच्या नोंदींत शोधावी लागतात; कारण जखमींपैकी काहींचा मृत्यू पुढे रुग्णालयात होत असे. अशा याद्यांतून एकाच दिवशी मरण पावलेल्या जवानांची गावे एकत्र पाहता येतात आणि एका लढाईचा परिणाम महाराष्ट्रातील कोणकोणत्या खेड्यांपर्यंत पोहोचला हे ध्यानात येते.

घाडगे यांचे नाव पदकामुळे टिकले. त्यांच्या सेक्शनमधील मृत जवानांची नावेही इटलीत दगडावर कोरलेली आहेत. पण त्यांच्यावर स्वतंत्र लेखन झालेले नाही. शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील अशी नावे शोधून, ती गावातील आठवणींशी जोडून पाहणे हा स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचा एक उपयुक्त मार्ग आहे.